वाचकांचे प्रश्न : यात्रेकरू म्हणजे पाहुणा

मागच्या अंकात आपण लिहिलं होतं की १ सप्टेंबरपासून ४ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे असिसीच्या संत फ्रान्सिसच्या सणापर्यंत, जगभरातल्या बऱ्याच ख्रिस्ती मंडळ्या सृष्टीसाठी प्रार्थनेचा काळ पाळतात, तर यात्रा, प्रवास आणि पर्यावरण यावर काही विचारायचं असेल तर पत्र टाका नाहीतर व्हॉट्सॲप करा. पत्रं आली, आणि मनापासून लिहिलेली आली. एकाच अर्थाचे प्रश्न एकत्र केले आहेत. नावं कोणाचीच दिली नाहीत, कारण काही पत्रांत गावातल्या भांडणाचा विषय आहे आणि तो अजून मिटलेला नाही.

प्रश्न (हिंगणघाट तालुका, तरुण संघातला एक भाऊ): सलाम. आमच्या पॅरिशमधले, म्हणजे आमच्या चर्चचे, चाळीसेक जण तमिळनाडूत वेलांकनीला, मारियामातेच्या तीर्थाला, जायचं म्हणतात. मी मीटिंगमध्ये म्हटलं की पाण्याच्या बाटल्यांचे बॉक्स आणि थर्माकोलच्या प्लेटा नको नेऊ, तर मोठी माणसं म्हणे, यात्रा म्हणजे श्रद्धा, त्यात हे पर्यावरण काहून घुसवतं बे. त्यांना काय सांगू?

उत्तर: भाऊ, सलाम. मोठ्यांना उलट बोलू नका, त्यांच्यासोबत बायबल उघडून बसा, कारण हा विषय कोणी बाहेरून आणून घुसवलेला नाही. लेवीयच्या २५ व्या अध्यायात, २३ व्या वचनात देव सांगतो की जमीन कायमची विकू नका, ती माझी आहे, तुम्ही माझ्याकडे उपरे आणि पाहुणे म्हणून राहता. आता आपल्या विदर्भात पाहुण्यानं कसं वागावं हे कोणाला शिकवावं लागत नाही. पाहुणा दुसऱ्याच्या अंगणात थुंकत नाही, ताटात अन्न टाकत नाही, घरधन्याच्या विहिरीवर घाण करत नाही, आणि जाताना दोन गोड शब्द बोलून जातो. आपण आपल्या घरी असतो तेव्हाही देवाच्या जमिनीवर पाहुणेच असतो, पण यात्रेला निघालो की दुहेरी पाहुणे होतो, देवाचे आणि त्या गावाचे, आणि यात्रेतली आपली श्रद्धा त्या गावाला दिसते ती आपण मागं काय ठेवून गेलो त्यावरूनच.

दुसरं, योहानाचा ६ वा अध्याय काढा. पाच हजारांना जेवू घातलं ते सगळ्यांना पाठ आहे, पण त्याच्या पुढचं वचन कोणी वाचत नाही. यहुद्यांचा वल्हांडण सण जवळ आलेला, लोकांची ही गर्दी, सगळे डोंगरावर गवतात बसलेले, जेवण झालं आणि येशू शिष्यांना सांगतो की उरलेले तुकडे गोळा करा, काही वाया जाऊ नये. बारा टोपल्या भरल्या. ज्यानं एवढ्याशा भाकरींतून एवढं केलं त्याला उरलेल्या तुकड्यांची काय कमी होती, तरी त्यानं गोळा करायला लावले. मोठ्या माणसांना हे वाचून दाखवा आणि मग विचारा की जेवणावळ झाल्यावर टोपल्या कोण उचलणार.

आता व्यवहाराचं. वेलांकनीला चाळीस जणांना न्यायचं तर ट्रॅव्हल्सच्या गाडीपेक्षा रेल्वे बरी, जीटी एक्सप्रेस नागपूर-बल्लारशाहवरून थेट चेन्नईला जाते, तिथून पुढं नागपट्टिनम, आणि मग बारा-पंधरा किलोमीटर राहतं. एक लिटर डिझेल जळलं की अडीच किलोपेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, रेल्वेत तो माणशी खूपच कमी पडतो, आणि म्हाताऱ्या माणसांना पाय पसरायला मिळतात ते वेगळं. रिझर्वेशन आता ६० दिवस आधी उघडतं, तेव्हा तारीख आत्ताच धरा. आणि माझं ऐकाल तर २९ ऑगस्टला झेंडा चढतो तेव्हापासून ८ सप्टेंबरच्या सणापर्यंतच्या गर्दीत जाऊ नका. नवस सणाच्याच दिवसाचा असेल तर गोष्ट वेगळी, नाहीतर जानेवारी-फेब्रुवारीत जा. ऑक्टोबर ते डिसेंबर तिकडं पावसाचे दिवस असतात, आपल्यासारखे नाहीत. सणाच्या दहा दिवसांत त्या लहानशा गावावर लाखो लोकांचं पाणी, संडास, कचरा असं सगळं येऊन पडतं, आपण चाळीस जण त्यातून बाजूला झालो तरी तेवढा भार कमी, आणि प्रार्थनेला शांतपणे बसायलाही मिळतं.

जेवणाचं तर सोपं आहे. तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, जवसाची चटणी, चिवडा, हे दोन दिवस मस्त टिकतं. प्रत्येकानं आपली स्टीलची ताटली, पेला आणि एक बाटली आणायची असा नियम लावा, मोठ्या स्टेशनवर नळ असतात, आणि मुक्कामी वीस लिटरचे जार घ्या. कागदी कपाला चांगला समजू नका, त्याला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो म्हणून तर चहा गळत नाही. तमिळनाडूत १ जानेवारी २०१९ पासून एकदाच वापरायच्या बऱ्याच प्लास्टिकवर बंदी आहे, आपल्याकडं ती २०१८ पासून आहे, म्हणजे त्या थर्माकोलच्या प्लेटा इथंही चालत नाहीत आणि तिथंही चालत नाहीत, हे त्या मीटिंगमध्ये सांगाच.

अजून एक. तिथं समुद्रावर जाल तेव्हा पोरांना सांगा की २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली तेव्हा ख्रिसमससाठी आलेले कितीतरी यात्रेकरू याच किनाऱ्यावर जिवानिशी गेले, आपल्यासारखेच नवस फेडायला आलेले. त्या वाळूत चिप्सची पाकिटं टाकायची नसतात.

प्रश्न (यवतमाळ जिल्हा, एक शेतकरी काका): उत्पत्तीत पहिल्याच अध्यायात देवानं माणसाला पृथ्वीवर सत्ता चालवायला सांगितलं आहे. मग जमीन, झाडं, जनावरं आमच्या वापरासाठीच आहेत ना? आणि पर्यावरण म्हटलं की सगळे शेतकऱ्यालाच बोलतात, फवारणी करता, कुटार जाळता, झाडं तोडता. शहरातले एसी लावून बसतात त्यांना कोणी बोलत नाही.

उत्तर: काका, तुमचा राग मला कळतो आणि तो खोटा नाही. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी लाउदातो सी नावाचं परिपत्रक काढलं, त्यात त्यांनी हे स्वच्छ म्हटलंय की पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबाचा आक्रोश हा एकत्रच ऐकावा लागतो. पाऊस महिनाभर उघडीप देतो आणि मग दोन दिवसांत सगळं झोडपून नेतो, दुबार पेरणी करावी लागते, बोंडअळी येते, याचा भार पहिल्यांदा तुमच्यासारख्या कोरडवाहू माणसावर पडतो, ज्यानं धूर सगळ्यात कमी सोडलाय. त्यामुळं चर्चमध्ये कोणी पर्यावरणाच्या नावानं शेतकऱ्याला झोडत असेल तर ते चूकच आहे.

पण सत्ता चालवायचा अर्थ मनाला येईल तसं वापरा असा घेता येत नाही, त्याच परिपत्रकात तो अर्थ सरळ नाकारलाय, आणि त्यासाठी पोपची वाट पाहायचीही गरज नव्हती, दुसऱ्याच अध्यायात, १५ व्या वचनात, देव माणसाला बागेत ठेवतो ते मशागत करायला आणि राखण करायला. राखण म्हणजे काय हे तुम्हाला मी काय सांगणार, रात्री मचाणावर बसून रानडुकरं हाकलणारे तुम्ही. बायबलच्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या २० व्या अध्यायात तर लढाई चालू असताना, शत्रूच्या गावाला वेढा घातलेला असतानासुद्धा फळझाडांवर कुऱ्हाड चालवू नका असा हुकूम आहे. लेवीयात सातव्या वर्षी जमिनीला विसावा द्यायला सांगितलंय. आजच्या कर्जाच्या दिवसांत सगळं वावर पडीत ठेवा असं मी म्हणणार नाही, ते शक्य नाही. पण एक-दोन तासं, म्हणजे ओळी, तरी तूर-बरबटीची घ्या, कुटार पेटवण्यापेक्षा कुजवा, आणि धुऱ्यावरचं ते कडुनिंब वाटणीच्या भांडणात पाडू नका, एवढं तुमच्या हातात आहे आणि तेवढं देवाला कळतं.

प्रश्न (अमरावती जिल्हा, मेळघाटच्या पायथ्याकडून एक ताई): आमच्याकडं दरवर्षी गुड फ्रायडेला टेकडीवर क्रुसाची वाट करतात, आजूबाजूच्या गावांतून पुष्कळ लोक येतात, खाली दुकानं लागतात. टेकडीखालच्या गावात आपले लोक नाहीत, गवळी आणि कोरकू आहेत. मागच्या वर्षी यात्रेनंतर एका घरची गाय मेली, ते म्हणतात प्लास्टिक खाऊन मेली, आणि वर मेणबत्तीनं गवत पेटलं ते वेगळंच. आता गाव म्हणतं पुढच्या वर्षी येऊ नका. आमच्यातले काही जण म्हणतात की हा धर्माचा विरोध आहे, आपण तक्रार करू. मला काही सुचत नाही, रात्री झोप येत नाही.

उत्तर: ताई, सगळ्यात आधी तक्रारीचा कागद बाजूला ठेवा आणि ज्यांची गाय गेली त्या घरी जा. एकट्या नको, फादरना किंवा पाळकसाहेबांना सोबत घ्या, दोन-तीन वयस्क माणसं घ्या, आणि बसून ऐका. दुभती गाय म्हणजे गवळ्याच्या घराचं महिन्याचं राशन असतं. ती प्लास्टिकनंच मेली का हे सिद्ध कोण करणार, पण यात्रा आपली होती, कचरा आपला होता, तेव्हा वाद घालू नका. बायबलमधला जकातदार जक्कय आठवा, येशू त्याच्या घरी जेवायला आला आणि त्यानं स्वतःहून सांगितलं की कोणाचं घेतलं असेल तर चौपट देतो. चौपट राहू द्या, मंडळीनं वर्गणी काढून त्या घराला मदत करावी आणि ज्यांचं गवत जळलं त्यांना कडबा पोचवावा. हे पुढच्या वर्षी परवानगी मिळावी म्हणून करू नका. परवानगी नाही मिळाली तरी करायचंच आहे.

गाय प्लास्टिक खाऊन कशी मरते हे आपल्या लोकांना नीट सांगा, कारण बऱ्याच जणांना वाटतं जनावर मूर्ख आहे म्हणून खातं. ते तसं नाही. आपण उरलेला आलूभात, पोळीचे तुकडे प्लास्टिकच्या पन्नीत भरतो, वरून गाठ मारतो आणि नाल्यात टाकतो. गायीला आतल्या अन्नाचा, मिठाचा वास येतो, तिला गाठ सोडता येत नाही, ती पन्नीसकट गिळते, कारण ढोरं आधी गिळतात आणि चावतात मागून, रवंथ करताना. ती पन्नी पोटाच्या पहिल्या कप्प्यात अडकते, पुढं जात नाही, अशा करत करत गोळा तयार होतो, पोट भरल्यासारखं वाटतं म्हणून गाय चारा सोडते आणि उपाशी मरते. हळूहळू, कितीतरी दिवस. हे डोळ्यासमोर आणा आणि मग सांगा की उरलेलं अन्न कशात टाकायचं. मोकळ्या टोपल्यात टाकायचं, आणि तेच मग गावातल्या ढोरांना नेऊन घालायचं, पन्नीशिवाय.

आगीचं तर मला जास्त भय वाटतं. गुड फ्रायडे येतो मार्च-एप्रिलमध्ये. तेव्हा सागाची पानं गळून टेकडीवर घोट्याएवढा पालापाचोळा असतो, गवत वाळून कडक झालेलं असतं, आणि त्याच दिवसांत मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून लोक झाडाखालचा पाला पेटवतात, वनखात्याचे लोक आधीच धावपळीत असतात. तशात आपण क्रुसाच्या वाटेवर येशूच्या दुःखाच्या आठवणीसाठी थांबतो त्या चौदा मुक्कामांवर मेणबत्त्या लावतो, वारा सुटलेला, आणि पुढच्या मुक्कामाकडं निघून जातो, मागं मेणबत्ती जळतच राहते. हे बंद करायचं. मेणबत्त्या फक्त खाली, पायथ्याशी, वाळू भरलेल्या मोठ्या परातीत, आणि बाजूला पाण्याच्या दोन बादल्या घेऊन दोन पोरं शेवटची ज्योत विझेपर्यंत उभी. वर टेकडीवर आग नाही, विडी नाही, चूल नाही. प्रभूच्या दुःखाची आठवण करायला अंधारात किंवा उन्हात चालणं पुरेसं आहे.

कापूर, अगरबत्ती, फुगे, प्लास्टिकची फुलं विकणाऱ्या दुकानांशी ग्रामपंचायतीसोबत बसून बोला. ग्रामपंचायतीत जाताना हात जोडून जा, यात्रा त्यांच्या हद्दीत आहे. प्रीतिभोजन ठेवत असाल तर पळसाच्या पत्रावळी आणि द्रोण त्याच गावातल्या बायकांकडून विकत घ्या, ऑर्डर महिनाभर आधी द्या आणि पैसे रोख द्या. बाजारातल्या चकचकीत मशीनच्या पत्रावळी घेऊ नका, बऱ्याच पत्रावळींना मागून प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो. पाण्यासाठी रांजण भरा. बायकांसाठी आडोशाची, पाण्याची सोय करा, हे लिहायला कोणी तयार नसतं पण टेकडीखालच्या ओढ्याची घाण निम्मी यातूनच होते. लाउडस्पीकर नको, वाघ-अस्वलांचं रान आहे ते आणि लोकांची झोपायची वेळ असते. दगडांवर ऑइल पेंटनं वचनं लिहिण्याची जी नवीन सवय लागली आहे ती मला अजिबात पटत नाही, ज्यानं दगड केला त्याला आपल्या पेंटची गरज नाही.

आणि आपल्या लोकांनी शेगावला एकदा जाऊन यावं. गजानन महाराजांच्या संस्थानात किती गर्दी असते आणि जमीन कशी असते ते बघावं, सेवेकरी पाळीपाळीनं येतात, स्वतः झाडतात, पुसतात, चपला सांभाळतात. आपला विश्वास वेगळा आहे पण शिकायला काय हरकत आहे. आणि गाडगेबाबा तर आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे, ज्या गावात गेले तिथं आधी झाडू हातात घेतला, यात्रेकरूंसाठी पंढरपूर-नाशिकला धर्मशाळा बांधल्या, आणि स्वतः झाडाखाली झोपले. यात्रेनंतरच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी, आपली मंडळी झाडू घेऊन त्या गावात गेली तर 'येऊ नका' म्हणणारी माणसंच कदाचित चहा ठेवतील. नाही ठेवला तरी झाडून या.

प्रश्न (भंडारा जिल्हा, एक काकू): नवसाच्या मेणबत्त्या मी माझ्या उंचीएवढ्या लावायचं बोलले होते. आता लेक म्हणते की मेण म्हणजे पेट्रोलचा धूर आहे. मग नवस कसा फेडू?

उत्तर: काकू, लेक अर्धी बरोबर आहे, बाजारातलं बहुतेक मेण पॅराफिनचं असतं आणि ते खनिज तेलातूनच निघतं. पण एका मेणबत्तीनं काही बिघडत नाही, बिघडतं ते हजारोंच्या ढिगानं, ज्यातल्या अर्ध्या मेणबत्त्या जळायच्या आधीच उचलून बाजूला टाकतात. नवस बोललात तर फेडाच, मनाला टोचणी नको. एक साधी मेणबत्ती लावा, ती पूर्ण जळेपर्यंत तिथं बसून प्रार्थना करा, आणि बाकीच्या मेणाचे पैसे गावातल्या एखाद्या बाळंतिणीच्या किंवा शाळकरी पोरीच्या खर्चाला द्या. फादरना आधी विचारून घ्या म्हणजे तुमचं मन शांत राहील, ते नाही म्हणणार नाहीत.

प्रश्न (चंद्रपूर जिल्हा, निवृत्त शिक्षक): आम्ही नवरा-बायको पवित्र भूमीच्या टूरसाठी पैसे जमवतोय. आयुष्याची इच्छा आहे. विमानानं प्रदूषण होतं हे माहीत आहे. जाऊ नये का? आणि यार्देनचं पाणी आणावं का, सगळे मागतात.

उत्तर: सर, तिकडची परिस्थिती निवळलेली असेल आणि सरकारचा सल्ला तसा असेल तर जरूर जा, आयुष्यात एकदा जाणाऱ्या म्हाताऱ्या जोडप्याला विमानावरून बोल लावणं मला जमणार नाही. विमानाचा धूर माणशी खूप जास्त असतो हे खरं, म्हणून एकदाच जा, पण घाईत आठ दिवसांत चार देश असं पॅकेज घेऊ नका. थोड्या जागा बघा, जास्त दिवस थांबा. बेथलेहेमात तिथल्या ख्रिस्ती कुटुंबांच्या गेस्टहाउसमध्ये राहता येतं, जैतुनाच्या लाकडाच्या वस्तू करणारे कारागीर त्यांच्यातच आहेत, पिढ्यान्‌पिढ्या तेच करतात, खरेदी त्यांच्याकडून करा. तिथले ख्रिस्ती लोक कमी कमी होत चाललेत आणि यात्रेकरूंच्या पैशातला त्यांच्या हातात किती पडतो हे आपण विचारतच नाही.

यार्देनचं म्हणाल तर तिथं गेल्यावर मन दुखेल, हे आधीच सांगून ठेवतो. गालील समुद्राच्या खालची यार्देन आता नदी म्हणावी की नाला असा प्रश्न पडतो. १९६४ पासून इस्राएलनं गालीलचं पाणी मोठ्या पाइपलाइननं दक्षिणेकडं वळवलं, यार्मुक नदीचं पाणी सीरिया आणि जॉर्डननं धरणं बांधून अडवलं, आणि खाली जे वाहतं त्यात सांडपाणी, शेताचं आणि मत्स्यतळ्यांचं पाणी मिसळतं. पूर्वीच्या पाण्याचा दहावा हिस्साही आता खाली जात नाही. म्हणून मृत समुद्र दरवर्षी साधारण एक मीटरनं खाली उतरतो आहे. येशूचा बाप्तिस्मा जिथं झाला असं मानतात त्या अल-मग्तासला २०१५ मध्ये युनेस्कोनं जागतिक वारसा म्हटलं, पण नदी मात्र अरुंद आणि गढूळ. आपल्या चंद्रपूरच्या इरई-झरपट नद्यांकडं पाहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

पाणी आणायचंच असेल तर एक लहान बाटली आणा, मंडळीत सगळ्यांसाठी एक, आणि कोणी पिऊ नका. मागणाऱ्यांना सांगा की तिथल्या नदीची काय दशा आहे. तुम्ही शिक्षक आहात, परत आल्यावर फोटो दाखवाल तेव्हा हेही दाखवा.

प्रश्न (गडचिरोली जिल्हा, एक भाऊ): आमच्याकडं काही विश्वासी म्हणतात की झाडं-नद्या वाचवा हे सगळं निसर्गपूजा आहे, आपलं काम आत्मे वाचवायचं, जग तर जाणारच आहे.

उत्तर: भाऊ, स्तोत्र २४ च्या पहिल्याच ओळीत पृथ्वी आणि तिच्यातलं सगळं परमेश्वराचं आहे असं म्हटलंय. दुसऱ्याची वस्तू सांभाळली म्हणून कोणी तिची पूजा करत नसतो. रोमकरांस पत्राच्या ८ व्या अध्यायात पौल म्हणतो की सगळी सृष्टी कण्हते आहे आणि सुटकेची वाट बघते आहे, म्हणजे सुटका फक्त आपल्यापुरती नाही. असिसीच्या फ्रान्सिसनं सूर्याला भाऊ आणि पाण्याला बहीण म्हटलं, पण स्तुती देवाचीच केली, आणि १९७९ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्याला पर्यावरणाचा आश्रयदाता संत म्हणून जाहीर केलं. आणि हे फक्त कॅथलिकांचं आहे असंही कोणी म्हणू नये, सृष्टीसाठी १ सप्टेंबरचा प्रार्थनादिन सुरू केला तो १९८९ मध्ये ऑर्थोडॉक्स मंडळीच्या प्रमुख धर्मगुरूंनी, कॅथलिक मंडळी त्यात आली २०१५ मध्ये.

आणखी एक सांगतो, जरा कठोर वाटेल. तुमच्या भागात माडिया-गोंड लोकांनी देवराया राखल्या, त्यात कुऱ्हाड नेत नाहीत. त्यांच्या श्रद्धेला नावं ठेवत त्याच रानातून सरपणाच्या मोळ्या आणणारे विश्वासी असतील तर साक्ष कोणाची चांगली आहे हे त्यांनी विचारावं. कोणाच्या देवराईतून यात्रेची पायवाट काढू नका, सावली मिळते म्हणूनसुद्धा नाही.

प्रश्न (बुलढाणा जिल्हा, एक आजी): गुडघे गेले, आता कुठं जाणं होत नाही. सगळे माउंट मेरीला, गोव्याला जातात. मला वाईट वाटतं.

उत्तर: आजी, तुमच्या गावाबाहेरची जुनी कबरस्तानाची जागा आहे ना, तुमची माणसं तिथं झोपली आहेत. नातवाला घेऊन ऑटोनं तिथपर्यंत जा, स्तोत्र १२१ म्हणा, डोंगराकडं डोळे लावणारं, यरुशलेमेला चढून जाणारे यात्रेकरू तेच म्हणायचे. नातवाला तिथलं गवत काढायला लावा आणि तुम्ही बाजूला बसून कोण कुठं आहे ते त्याला सांगा, तुमच्यानंतर ते सांगणारं कोणी राहणार नाही. ही यात्रा पूर्ण आहे, अर्धी नाही.

प्रश्न (वाशिम जिल्हा, संडे स्कूलच्या एक ताई): ४ ऑक्टोबरला मुलांकडून झाडं लावून घ्यायचं ठरवलंय, फोटो पण काढायचे आहेत. कोणती झाडं लावू?

उत्तर: ताई, ४ ऑक्टोबरला एकही झाड लावू नका. पाऊस उलटलेला असतो, पुढं आठ महिने पाणी घालावं लागतं, आणि आपल्याकडं एप्रिल-मेच्या उन्हात कोवळं रोप टिकत नाही, मुलांना मेलेली काडी दिसते आणि त्यांचा जीव खट्टू होतो. त्या दिवशी मुलांना चर्चच्या आवारात आणि रस्त्यानं फिरवा, आहेत ती झाडं ओळखायला लावा, चिंच, कडुनिंब, बोर, बाभूळ, वड, कुठल्या झाडावर कोणाचं घरटं आहे ते वहीत लिहायला लावा. अनुवादाच्या २२ व्या अध्यायात घरटं सापडलं तर पिलांवर बसलेल्या आईला धरू नका असं लिहिलंय, ते त्यांना वाचून दाखवा, मुलांना ते फार आवडतं. मग प्रत्येक झाडाच्या वाट्याला दोन मुलं द्या, उन्हाळ्यात त्याला पाणी कोण घालणार, खिळे-पोस्टर ठोकू नये म्हणून कोण लक्ष ठेवणार, हे ठरवा. फोटो मेमध्ये काढा, झाड हिरवं असेल तर.

लावायची झाडं जूनमध्ये, चांगला पाऊस होऊन जमीन ओली झाली की लावा. सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत रोपं मिळतात, अर्ज आधी द्यावा लागतो म्हणून एप्रिलमध्येच चौकशी करा. मोकळी जागा असेल आणि ढोरांचा त्रास असेल तर करंज घ्या, त्याला ढोरं फारसं तोंड लावत नाहीत, आणि कुंपण होणार असेल तर आंबा, जांभूळ, सीताफळ. जागा किती आहे आणि विहीर केवढ्या अंतरावर आहे ते लिहून पाठवा, किती रोपं झेपतील ते पुढच्या अंकात सांगतो.